मांडवाशी शासन, पाळण्याशी कोण?

महाराष्ट्र शासनाने २०१४ मध्ये एक योजना सुरू केली. अव्यंग व्यक्तीने अपंग व्यक्तीशी विवाह केल्यास त्या दांपत्याला ५० हजार रुपयांचे साहाय्य द्यावयाचे, असा तिचा आशय. या रकमेची वाटणीही शासनाने मोठ्या काटेकोरपणे ठरवून दिली होती : २५ हजारांची बचत प्रमाणपत्रे, २० हजार रुपये रोख, साडेचार हजारांचे संसारोपयोगी साहित्य आणि उरलेले ५०० रुपये स्वागत समारंभासाठी. योजनेमागील हेतू स्तुत्य होता, यात शंका नाही. अपंग माणसालाही संसार थाटण्याचा हक्क आहे, एवढी गोष्ट तरी शासनाने तिच्याद्वारे मान्य केली. परंतु संसार म्हणजे केवळ भांडीकुंडी नव्हेत. वर्षा-दोन वर्षांत त्या घरात पाळणा हलू लागतो आणि तेथून त्या दांपत्याच्या खऱ्या गरजा सुरू होतात. नेमक्या त्याच वेळी मांडवापर्यंत हौसेने आलेल्या शासनाची पावले उंबरठ्यावर थबकतात.

असे का व्हावे? निधीची चणचण हे एक उत्तर नेहमीच तयार असते. परंतु ते पूर्ण उत्तर नव्हे. खरे कारण दृष्टिकोनात आहे. आपल्या कायद्यांच्या व योजनांच्या लेखी अपंग व्यक्ती ही सदैव सांभाळून घ्यावयाची व्यक्ती असते. तीच व्यक्ती दुसऱ्या जिवाला सांभाळणारी, वाढवणारी, त्याच्या भवितव्याची काळजी वाहणारी असू शकते, हे कोठे गृहीतच धरलेले नाही. अपंग बालकासाठी तरतुदी आहेत, अपंग विद्यार्थ्यासाठी आहेत, अपंग कर्मचाऱ्यासाठी आहेत. अपंग आई आणि अपंग बाप मात्र या मांडणीत कोठेच ठळकपणे दिसत नाहीत.

गरजेचे स्वरूप

२०११ च्या जनगणनेनुसार देशात २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती होत्या. त्या जनगणनेने अपंगत्वाचे आठ प्रकार धरले होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते २१ केले. तेव्हा प्रत्यक्ष संख्या याहून बरीच अधिक असणार, हे उघड आहे. यांत प्रौढ व विवाहित स्त्रीपुरुषांचा वाटा मोठा आहे. म्हणजे हा प्रश्न मूठभर घरांचा नाही.

या पालकांना हवे तरी काय असते? अंध आईला बाळाला दूध पाजता येते, न्हाऊमाखू घालता येते, कुशीत घेऊन निजवता येते. तिची अडचण औषधाच्या बाटलीवरील सूचना वाचण्याची, थेंब मोजण्याची आणि लसीकरणाच्या छापील कार्डावरील तारखा कळण्याची असते. कर्णबधिर दांपत्याला रात्री बाळाचे रडणे ऐकू येत नाही. रडण्याबरोबर दिवा लुकलुकणारे किंवा उशीखाली थरथरणारे साधे उपकरण त्यांची ही अडचण दूर करू शकते. चाकाच्या खुर्चीत बसणाऱ्या मातेला बाळ उचलण्यासाठी योग्य उंचीचा व बाजूने उघडणारा पाळणा लागतो. सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या आईला तीच गोष्ट न रागावता चार वेळा समजावून सांगणारी परिचारिका किंवा कार्यकर्ती हवी असते. यांपैकी बहुतेकांना चोवीस तासांचा सेवक नको असतो. दिवसाकाठी दोन-चार तासांची मदत, एखादे उपकरण आणि माहिती समजेल अशा रूपात मिळण्याची सोय एवढीच त्यांची मागणी असते.

आजवर ही मदत कुटुंबाने केली, असे सांगितले जाते, आणि ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु या मदतीलाही एक किंमत असते. सासू, जाऊ किंवा नणंद मुलाचे सारे करू लागली, की हळूहळू त्याच्याविषयीचे सारे निर्णयही तिच्याकडे जातात. मूल आईचे, पण वाढविणारे दुसरे, अशी स्थिती येते आणि ‘हिला काय जमणार?’ हे वाक्य घरात नित्याचे होते. दुसरे असे की, डोंबिवलीच्या किंवा पिंपरीच्या दीड खोल्यांच्या बिऱ्हाडात आता आजीही नसते आणि आत्याही नसते. एकत्र कुटुंब आटत गेले. त्याची जागा घेणारी सार्वजनिक व्यवस्था मात्र उभी राहिली नाही.

कायद्यातील एक उणा शब्द

या विषयातील आंतरराष्ट्रीय कराराची भाषा पुरेशी स्पष्ट आहे. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार डिसेंबर २००६ मध्ये संमत झाला व भारताने ऑक्टोबर २००७ मध्ये त्यावर मान्यतेची मोहोर उमटवली. त्याच्या तेविसाव्या अनुच्छेदात दोन गोष्टी आहेत. अपंग व्यक्तींना मुलांच्या संगोपनाची जबाबदारी पार पाडण्यासाठी राज्याने योग्य ते साहाय्य करावे, ही पहिली. मुलाच्या किंवा आईवडिलांपैकी कोणाच्याही अपंगत्वाच्या कारणावरून मुलाला आईवडिलांपासून कदापि वेगळे करू नये, ही दुसरी.

या कराराला अनुसरून आपल्या संसदेने २०१६ चा कायदा केला. त्यात पहिल्या गोष्टीचा उल्लेख आला आहे. कायद्याच्या चोविसाव्या कलमात शासनाने करावयाच्या योजनांची जी यादी दिली आहे, तीत अपंग स्त्रियांना उपजीविकेसाठी व त्यांच्या मुलांच्या संगोपनासाठी साहाय्य हा विषय आहे. अर्थात ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ ही शब्दयोजना त्याच कलमाच्या आरंभी आहे, आणि सरकारी तिजोरीच्या किल्ल्या सांभाळणाऱ्यांना तेवढे शब्द पुरेसे असतात. शिवाय हे साहाय्य केवळ स्त्रियांपुरते आहे. अपंग बापालाही मूल वाढवावे लागते, हे कायद्याच्या कर्त्यांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

दुसऱ्या गोष्टीच्या बाबतीत अधिक गंभीर प्रकार घडला आहे. कायद्याचे नववे कलम म्हणते की, अपंग बालकाला अपंगत्वाच्या कारणावरून त्याच्या आईवडिलांपासून सक्षम न्यायालयाच्या आदेशाविना वेगळे करता येणार नाही. करारात संरक्षण होते ते मुलाचे अपंगत्व आणि पालकांचे अपंगत्व या दोहोंच्या संदर्भात. कायद्यात येता येता त्यातील पालक गळून पडला. मूल अपंग असेल तर या कलमाचे कवच आहे; मूल निरोगी आणि आई अंध किंवा बौद्धिकदृष्ट्या अपंग असेल तर ते नाही.

या उणिवेचे महत्त्व दुसऱ्या एका कायद्याशेजारी ठेवून पाहिल्यास कळते. २०१५ च्या बालन्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ कोण, याची व्याख्या आहे. ज्याचे पालक त्याची काळजी घेण्यास अयोग्य किंवा असमर्थ आहेत असे बालकल्याण समितीस वा बालन्याय मंडळास आढळेल, असे बालकही तीत येते. असमर्थ कोणाला म्हणावे? दारूच्या नशेत मुलाला उपाशी ठेवणारा बाप आणि मुलावर जीव ओवाळून टाकणारी, परंतु हात अधू असलेली आई, या दोघांना एकच शब्द लागू करावयाचा काय? बालन्याय कायद्याने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला आहे व कुटुंबाला अग्रक्रम दिला आहे, हे नमूद केले पाहिजे. तरीही ‘असमर्थ’ या शब्दाची टांगती तलवार अपंग पालकाच्या मनावर राहतेच.

ही भीती काल्पनिक नाही, याची साक्ष महाराष्ट्राचाच इतिहास देतो. १९९४ मध्ये शिरूर येथील शासकीय वसतिगृहातील बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलींना पुण्याच्या ससून रुग्णालयात आणून त्यांच्यावर गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया करण्यात आल्या. त्या वेळी मोठे वादळ उठले. बाजू मांडणाऱ्यांनी स्वच्छतेची व सुरक्षिततेची कारणे पुढे केली. या मुली कधी काळी आई होऊ शकतील, हा विचारच मुळी कोणाला विचारात घेण्याजोगा वाटला नव्हता. २०१६ च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने संमतीविना अशा शस्त्रक्रियांना बंदी घातली, ती या पार्श्वभूमीवर वाचली पाहिजे.

२००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एक पाऊल पुढे टाकले. चंदीगडच्या शासकीय आश्रयगृहात राहणाऱ्या, सौम्य बौद्धिक अपंगत्व असलेल्या एका तरुणीवर अत्याचार होऊन ती गर्भवती राहिली होती. तिला मूल हवे होते. उच्च न्यायालयाने मात्र गर्भपाताचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो रोखला आणि मूल होऊ देण्याचा निर्णय हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग असल्याचे सांगितले. या प्रकरणात राष्ट्रीय न्यासाने आईच्या व बाळाच्या देखभालीची तयारी दर्शविली होती, ही गोष्ट फारशी कोणाच्या स्मरणात नाही. वस्तुतः तीच सर्वांत महत्त्वाची होय. आधाराची हमी मिळाली म्हणजे हक्काला अर्थ येतो; एरवी तो निकालपत्रातच राहतो.

योजनांचा ताळेबंद

आता प्रत्यक्ष साहाय्याकडे वळू. केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत केंद्राचा वाटा दरमहा ३०० रुपये आहे, आणि तोही दारिद्र्यरेषेखालील व किमान ८० टक्के अपंगत्व असलेल्यांनाच. महाराष्ट्राची संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० पासूनची. तीत अपंग लाभार्थ्यांचे दरमहाचे साहाय्य १,५०० रुपयांवरून २,५०० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ मध्ये घेतला, तो स्वागतार्ह आहे. परंतु हे साहाय्य निराधार व्यक्तीच्या पोटापाण्यासाठी आहे; ती व्यक्ती मूल वाढवीत असल्यास वाढणाऱ्या खर्चाचा विचार त्यात नाही.

प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत किमान ४० टक्के अपंगत्व असलेल्या स्त्रियांचा पात्र गटांत समावेश आहे. पहिल्या अपत्यासाठी पाच हजार रुपये मिळतात. परंतु ते इतर मातांना मिळतात तेवढेच. वस्तुतः २०१६ च्या कायद्याचे चोविसावे कलम सांगते की, अपंगांसाठीच्या साहाय्याची रक्कम इतरांसाठीच्या तत्सम योजनांपेक्षा किमान २५ टक्क्यांनी अधिक असावी. हे तत्त्व मातृत्वाच्या साहाय्याला का लावले जात नाही, याचे उत्तर शासनाने दिले पाहिजे.

केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेत प्रायोजकत्वाखाली प्रत्येक बालकामागे दरमहा चार हजार रुपये देण्याची तरतूद आहे, आणि आर्थिक व शारीरिकदृष्ट्या मुलाची काळजी घेण्यास असमर्थ झालेल्या पालकांची मुले तीत बसू शकतात. रक्कम उपयुक्त आहे, पण वाट अवघड आहे. मदत हवी असेल, तर पालकाने प्रथम आपण असमर्थ आहोत असे लिहून द्यावयाचे. आणि हा तोच शब्द, ज्याच्या आधारे मूल काढूनही घेता येते. अशा वेळी शहाणा पालक अर्ज न करणेच पसंत करील. ज्या साहाय्यासाठी आधी स्वतःला नालायक ठरवून घ्यावे लागते, त्याला आधार म्हणता येत नाही.

या साऱ्यात एक अपवाद आहे आणि तो बोलका आहे. केंद्र शासनाने सहाव्या वेतन आयोगानंतर, सप्टेंबर २००८ पासून, आपल्या अपंग महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी विशेष भत्ता सुरू केला. तो मूल दोन वर्षांचे होईपर्यंत, दोन अपत्यांपुरता मिळतो. आरंभी तो दरमहा एक हजार रुपये होता. २०१७ मध्ये तीन हजार झाला आणि २०२४ पासून ३,७५० रुपये करण्यात आला. म्हणजे दोन वर्षांत एका अपत्यामागे ९० हजार रुपये होतात. अपंग मातेला मूल वाढविण्यासाठी अधिक खर्च येतो, हे तत्त्व शासनाने येथे निःसंदिग्धपणे मान्य केले आहे. मात्र ते मान्य केले आपल्या वेतनपटावरील स्त्रीपुरते. मंडईत भाजी विकणाऱ्या किंवा घरी बसून शिलाई करणाऱ्या अपंग मातेचे मूल काही निराळ्या खर्चात वाढत नाही.

अर्थशास्त्राचा कौल

येथे अर्थशास्त्रातील एका मूलभूत विचाराची आठवण ठेवणे उपयुक्त ठरेल. अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, अपंगत्वामुळे दुहेरी तोटा होतो. एक, मिळकत कमी होते. दोन, मिळालेल्या पैशाचे प्रत्यक्ष जगण्यात रूपांतर करण्यास इतरांपेक्षा अधिक खर्च येतो. दोन घरांत सारखेच दहा हजार रुपये आले, तरी त्यांतील एका घरातील आईला दवाखान्यात जाण्यासाठी बसऐवजी रिक्षा करावी लागते आणि सोबत माणूस न्यावा लागतो; त्याची त्या दिवसाची मजुरी बुडते. दारिद्र्यरेषा केवळ मिळकत पाहते, हा दुसरा खर्च पाहत नाही. घरात मूल असले, की तो दुप्पट होतो.

हा खर्च शासनाने उचलला नाही, म्हणून तो नाहीसा होत नाही. तो कोणीतरी भरतच असतो, आणि पुष्कळदा तो भरणारे ते मूलच असते. कर्णबधिर आईवडिलांचे आठ-नऊ वर्षांचे मूल बँकेत, तहसील कार्यालयात, इस्पितळात दुभाषी म्हणून उभे राहते. आईच्या आजाराचे निदान डॉक्टर त्या मुलाला सांगतात आणि त्याने ते आईला सांगावे अशी अपेक्षा करतात. शाळेच्या पालकसभेत स्वतःविषयीची तक्रारही तेच भाषांतरित करते. ज्या वयात त्याने निर्धास्त असावे, त्या वयात ते घराचा कारभारी होते. अशा मुलाचे कौतुक करण्याची आपल्याकडे रीत आहे; पण त्या कौतुकात समाजाने टाळलेल्या जबाबदारीचे बिल त्याच्या नावावर फाडलेले असते.

येथे इंग्लंडचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथील २०१४ च्या केअर ॲक्टनुसार अपंग प्रौढाला साहाय्य द्यावे की नाही, हे ठरविताना जी दहा अंगे पाहिली जातात, त्यांत अन्न, स्वच्छता, घरातील वावर यांच्या जोडीने ‘मुलाच्या संगोपनाची जबाबदारी पार पाडणे’ हेही एक अंग आहे. तेथील स्थानिक परिषदांनाही निधी अपुरा पडतो व तक्रारी तेथेही आहेत. परंतु साहाय्य ठरविणाऱ्या अधिकाऱ्याला ‘तुम्हाला मूल वाढविण्यास कशाची गरज आहे?’ हा प्रश्न विचारावा लागतो. आपल्याकडील दिव्यांग ओळखपत्रावर अपंगत्वाचा प्रकार आणि टक्केवारी असते. त्या व्यक्तीच्या खांद्यावर कोणाची जबाबदारी आहे, हे जाणून घेण्याची व्यवस्थेला जरूर वाटत नाही.

काय करता येईल?

यासाठी नवे खाते नको, नवी इमारतही नको. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आहे. काम त्याच्याकडे सोपविता येईल. पहिली गोष्ट, नवव्या कलमात दुरुस्ती करून पालकांच्या अपंगत्वालाही तेच संरक्षण संसदेने द्यावे. दुसरी, संजय गांधी योजनेतील साहाय्याला संगोपन पूरक रकमेची जोड द्यावी. ती मातेप्रमाणे पित्यालाही मिळावी आणि तिच्यासाठी ‘असमर्थ’ असल्याचा दाखला लागू नये, अपंगत्वाचे प्रमाणपत्र व मुलाचा जन्मदाखला पुरेसा मानावा. तिसरी, आशा कार्यकर्तीच्या नवजात बालकासाठी ठरलेल्या गृहभेटी असतातच. अपंग मातेच्या घरी त्या वाढवाव्यात, त्यांचा मोबदला वाढवावा आणि तसे प्रशिक्षण द्यावे. केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेतील पाळणाघरांत अपंग पालकांच्या मुलांना अग्रक्रम असावा. चौथी, स्थानिक स्वराज्य संस्थांनी अपंगांसाठी राखावयाच्या पाच टक्के निधीतून तीनचाकी सायकलींप्रमाणेच रडण्याची सूचना देणारी उपकरणे व योग्य उंचीचे पाळणे द्यावेत.

पाचवी गोष्ट शाळांची व कार्यालयांची आहे, आणि तिला फारसा पैसा लागत नाही. पालकसभा तळमजल्यावर घेता येते. सूचनापत्राचे छायाचित्र पाठविण्याऐवजी मजकूर टंकित करून पाठविला, तर अंध पालकाचा भ्रमणध्वनी तो वाचून दाखवितो. कर्णबधिर पालकांसाठी सभेच्या दिवशी सांकेतिक भाषेचा दुभाषी बोलाविता येतो. न जमल्यास शिक्षकाने लिहून बोलावे, मुलाला मध्ये घालू नये. तहसील कार्यालयातील लिपिकाने अपंग अर्जदार स्त्रीसोबत आलेल्या दिराशी बोलण्याऐवजी तिच्याशी बोलावे. यांतील एकाही गोष्टीला शासननिर्णयाची वाट पाहण्याचे कारण नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो गंभीरपणे घ्यावयास हवा : पालकांच्या हक्कापेक्षा मुलाचे हित श्रेष्ठ नव्हे काय? निश्चितच श्रेष्ठ आहे. मुलाची हेळसांड होत असेल, त्याच्या जिवाला धोका असेल, तर ते पालक अपंग असोत वा धडधाकट, समाजाने मध्ये पडलेच पाहिजे. परंतु कसोटी वागणुकीची असावी, शरीराची नव्हे. आणि आवश्यक ते साहाय्य देऊन पाहिल्यानंतरच ती लावली जावी. शिडी न देता माणूस माळ्यावर चढू शकला नाही, म्हणून त्याला अपात्र ठरविणे हा न्याय होत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णालयात उपचार घेणाऱ्या मातेपासून तिच्या तीन वर्षांखालील मुलाला सर्वसाधारणपणे वेगळे करू नये, असे म्हटले आहे. मानसिक आजाराच्या नाजूक क्षेत्रात जे तत्त्व संसदेला मान्य झाले, ते अंध, कर्णबधिर किंवा चालू न शकणाऱ्या पालकाच्या बाबतीत अमान्य होण्याचे कारण नाही.

खर्चाचा आक्षेप त्याहून दुबळा आहे. मूल संस्थेत ठेवावयाचे म्हटले, तर इमारत, अधीक्षक, स्वयंपाकी, पहारेकरी हे सारे आले. आणि इतके करूनही तेथे आई देता येत नाही. घरातच दोन-चार तासांची मदत पोहोचविणे यापेक्षा स्वस्त आहे आणि मुलाला हिताचेही आहे. कल्याणकारी राज्याने आजवर अपंग नागरिकाला ‘तुला काय कमी आहे?’ एवढेच विचारले. ‘तू कोणासाठी झटतो आहेस आणि त्यात आमची मदत कोठे हवी?’ हा प्रश्न येत्या अर्थसंकल्पात, पुढच्या ग्रामसभेत आणि जवळच्या शाळेच्या पालकसभेत विचारला गेला, तरच विवाहाच्या वेळी दिलेल्या शुभेच्छांना काही अर्थ राहील.